चाळीस जणांची नोंद

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. म्हणजे माझी प्रतिकारशक्ती माझ्याच सांध्यांवर उठलीय. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन सुचवलं. पण आधी टीबीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. दुखतात बोटं आणि फोटो छातीचा!

कारण असं की हे औषध टीएनएफ नावाचं प्रथिन अडवतं. त्याने सांध्यांची सूज उतरते, पण शरीरात निपचित पडलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही तेच प्रथिन लागतं. हा धोका किती, ते मोजायला ब्रिटनमधली २००१ साली सुरू झालेली रुग्णांची एक रजिस्ट्री कामी आली. (रजिस्ट्रीत कुणावर औषधाचा प्रयोग करत नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचं पुढे काय होतं, ते वर्षानुवर्षं लिहून ठेवतात.) २०१० साली हिशेब छापून आला: टीएनएफ अडवणारी औषधं घेणाऱ्या १०,७१२ जणांपैकी ४० जणांना टीबी झाला, जुनीच औषधं घेणाऱ्या ३,२३२ जणांत एकालाही नाही. त्या ४०पैकी १३ जणांना तो औषध थांबवल्यावर झाला.

मी अडकले ती या तेरांपाशी. औषध सुटलं की त्याच्या नोंदीशी माणसाचं काय देणंघेणं? तरी त्यांची नोंद चालू राहिली. नसती, तर धोका २७ जणांएवढाच दिसला असता. त्यांनी माझ्यासाठी त्याग केला वगैरे मी म्हणणार नाही. हौसेने कुणी आजारी पडत नाही. त्यांनी फक्त लिहू दिलं. पण माझा एक्स-रे त्यांच्यासारख्यांच्या नोंदींमुळेच काढला जातो.

आता अशाच एका नोंदणीचा फॉर्म माझ्यासमोर आहे. आई म्हणते, "कुठे नाव लिहून देऊ नकोस गं. उद्या स्थळं बघायचीत." तिची भीती खोटी नाही. नाव काढून टाकलं तरी वय, गाव आणि आजार एवढ्यावरून आमच्या तालुक्यात कुणीही मला ओळखेल. म्हणून आधी विचारणं, आणि नाही म्हटलं तरी उपचारात फरक न पडणं, हे मला डॉक्टरांचं सौजन्य वाटत नाही. तो माझा हक्क आहे.

पण गंमत बघा. स्थळ आलं तर पहिला प्रश्न असेल, या औषधावर मूल होईल का? औषधांच्या चाचण्यांत गरोदर बायकांना सहसा घेतच नाहीत. तेव्हा उत्तर मिळतं ते प्रामुख्याने गरोदरपण नोंदवू दिलेल्या बायकांकडून. त्यांच्याही आयांनी काहीतरी म्हटलंच असेल.

मी सही करणार आहे. त्याआधी क्लिनिकमध्ये एवढंच विचारलं, "उद्या मी हे औषध सोडलं, तरी तुम्ही फोन कराल ना?"