माडाच्या शेंड्यावरील काम

मजुरी चुकती केली म्हणजे ऋण फिटते काय? गोमंतकातील पाडेल्याच्या कामाचा विचार केला असता या प्रश्नाला सहज ‘होय’ म्हणवत नाही.

कमरेला कोयता लावून तो साठ-सत्तर फूट उंच माडावर चढतो. नारळ पाडतो, ते आपणांस दिसते. सुकलेल्या झावळ्या उतरवून शेंडा साफ करणे, भुंगा शोधून काढणे, हे मात्र खालून दिसत नाही. माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की माड गेला. भुंगा तसाच ठेवून पाडेली उतरला, तरी माडामागे ठरलेली मजुरी त्यास मिळतेच. तेव्हा आपण मोल देतो ते चढण्याचे. कोणी पाहत नसता घेतलेली काळजी ही त्याच्या सचोटीची देणगी होय.

तो सायंकाळी परतेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्याचे मोल कोणत्या हिशेबात धरावे? नारळ विकास मंडळाने २०११ साली माडावर चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची व विम्याची योजना आरंभिली. परंतु पावसाने निसरड्या झालेल्या माडावर चढण्याचा आग्रह न धरणे, हे आपल्याच हाती आहे. देवापुढे श्रीफळ ठेवताना त्या अर्पणात पाडेल्याचाही वाटा आहे, याचे स्मरण असावे.