यंत्राची कबुली

मनात पश्चात्ताप नसताना दिलेल्या कबुलीला नैतिक मोल असते का? येल विद्यापीठातील संशोधकांचा 2020 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हा जुना प्रश्न नव्याने विचारायला लावतो. तीन माणसे आणि एक छोटा यंत्रमानव अशा 51 गटांनी टॅब्लेटवर रेल्वेचे रूळ जुळवण्याचा खेळ खेळला. काही गटांत यंत्रमानव स्वतःची चूक कबूल करी, यंत्रांकडूनही चुका होतात असे सांगे. इतर गटांत तो कोरडी माहिती देई किंवा गप्प राही. कबुली ऐकलेली माणसे एकमेकांशी अधिक बोलली, आणि बोलणे एकाच्याच वाट्याला न जाता सगळ्यांत अधिक समान वाटले गेले.

ज्याला लाजच वाटत नाही त्याची नम्रता म्हणजे फसवणूक, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे, पण अर्धाच. कबुली बोलणाऱ्याचे अंतःकरण हलके करते, तशीच ऐकणाऱ्याची भीडही मोडते. यंत्राला अंतःकरण नाही. भीड मात्र माणसांची मोडली आणि ती खरी होती. म्हणून पुण्य यंत्राच्या पदरी घालू नये. त्याची बोलण्याची रीत ठरवणारा माणूसच तिच्या परिणामांना उत्तरदायी आहे, आणि माणसांना एकमेकांपासून तोडून यंत्राकडे ओढणारी गोड वाणी त्याने रचू नये.