पत आणि इमान

भांडवल थोडे असले तरी धंदा चालतो, पत मात्र हवी, असे जुने व्यापारी म्हणत. ही पत कशाने मिळते? मालक इमानी आहे, एवढ्याने? आम्हाला तसे वाटत नाही. हाताखालच्या माणसाला मालकापुढे खरे बोलता येते का, यावरही ती अवलंबून असते.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण घेऊ. 2008 साली या कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला. 7 जानेवारी 2009 रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेले 5,040 कोटी रुपये प्रत्यक्षात नाहीतच. खरे आणि दाखवलेले आकडे यांतला फरक सुरुवातीला किरकोळ होता, पुढे तो वाढत गेला, असेही त्यांनी लिहिले होते. आम्हाला हा तपशील फार बोलका वाटतो. हजारो कोटींचे खोटे कोणी पहिल्याच दिवशी ठरवून बोलत नाही. कमी नफा सांगण्याची लाज वाटते, आकडा थोडा वाढवला जातो. मग पुढचा आकडा मागच्याला सांभाळण्यासाठी फुगवावा लागतो.

पण हे एकट्या माणसाचे काम नव्हे. एप्रिल 2015 मध्ये विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत राजू बंधूंबरोबर लेखापरीक्षक होते आणि कंपनीचे पगारी नोकरही होते. या नोकरांनी नाही म्हणायला हवे होते, हे खरेच. पण नाही म्हणणाऱ्याची नोकरी जाते, घर त्याचे उघड्यावर येते. त्याच्याकडून धैर्य मागण्याआधी, त्याला धैर्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था करणे हे वरच्याचे कर्तव्य नाही काय?

याउलट 1982 सालची शिकागोची घटना पाहा. टायलेनॉल या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी विष कालवले आणि सात माणसे दगावली. विष कारखान्यात मिसळले गेले नव्हते. तरीही जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या, लोकांना सावध केले आणि छेडछाड लगेच कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणले. नुकसान मोठे झाले, पण गेलेला ग्राहक परतला. याच कंपनीवर पुढे इतर उत्पादनांबाबत गंभीर आरोप झाले. म्हणजे पत एकदा कमावली की कायमची पुरते, असेही नाही. ती रोज कमवावी लागते.

दुकान असो, कारखाना असो वा पतसंस्था, प्रामाणिकपणाच्या पाट्या कुठेही लावता येतात. आपण मात्र एवढेच विचारावे : आपल्याकडे शेवटची वाईट बातमी कोणी आणली, आणि त्या माणसाचे पुढे काय झाले?