दीक्षा आणि शिष्यत्व

दीक्षा घेणें आणि शिष्य होणें ह्या दोन गोष्टी एकच, असा समज आपल्याकडे फार प्रचलित आहे. अमका ख्रिस्ती झाला म्हणजे त्याचें काय झालें, असें कोणी विचारलें असतां आपण उत्तर देतों: त्यानें धर्म बदलला, त्याचें नांव बदललें, त्याच्या घरचें जेवणखाण बदललें. हें सारें बाहेरून दिसणारें आहे. आणि दिसतें तेवढेंच मोजावें ही आपली जुनी खोड आहे. परंतु बाप्तिस्म्यास घटकाभर पुरते. शिष्यत्वास आयुष्यही अपुरें पडतें. आम्ही स्वतः ख्रिस्ती नव्हों. तथापि ज्या मनुष्यानें आपलें सर्वस्व एका गुरूच्या हवालीं केलें, त्याच्या पदरीं काय पडतें, आणि त्याच्यापायीं त्याच्या माणसांच्या पदरीं काय पडतें, हा प्रश्न कोणत्याही एका धर्माच्या कुंपणांत मावणारा नाहीं. म्हणूनच ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जगणें म्हणजे नेमकें काय, ह्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना मुळींच परकी नाहीं. वारकऱ्यानें गळ्यांत तुळशीची माळ घातली कीं मद्यमांस सुटलें, एकादशी आली, पंढरीची वारी आली. माळ घालण्याचा विधि सोपा. कठीण तें पुढचें. बाजारांत माप घालतांना आणि भाऊबंदांशीं तंटा करतांना ती माळ आठवणें, ही खरी कसोटी. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविल्याची कथा आपण भक्तिभावानें सांगतों. पण त्या कथेचा अर्थ एवढाच कीं, देवाचें नांव घेतल्यानें त्या वाण्याचें नुकसान झालें आणि त्यानें तें खुशीनें सोसलें. ख्रिस्ताच्या शुभवर्तमानांतील अपेक्षाही ह्याहून निराळी नाहीं. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला तेथें आहे. सर्व आज्ञा बाळपणापासून पाळणारा एक श्रीमंत तरुणही तेथें भेटतो; धन गोरगरिबांस वांटून ये म्हटल्याबरोबर तो खिन्न होऊन निघून जातो. हा तरुण दुष्ट नव्हता. तो चांगल्या घरचा, नेमस्त, सदाचारी होता. म्हणजे बव्हंशीं आपल्यासारखाच होता!

आमच्या डोंबिवलीहून कल्याण म्हणजे आगगाडीनें थोड्या मिनिटांचा प्रवास. त्या कल्याणच्या शाळेंत १८६९ ते १८७३ ह्या काळांत शिकून पुढें भिवंडीस संस्कृत काव्याच्या अभ्यासासाठीं गेलेला मुलगा म्हणजेच कवि नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ सालीं करजगांव येथें, चित्पावन कुळांत झाला. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. येथवरची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते, आणि पुष्कळांची जिज्ञासा येथेंच संपते. आमच्या मतें त्यांच्या शिष्यत्वाची मोठी परीक्षा पुढें बावीस वर्षांनीं झाली. अमेरिकन मराठी मिशनमध्यें ते अध्यापक होते. १९०४ सालीं त्यांस पाळकपद मिळालें. 'ज्ञानोदया'च्या संपादनांतही त्यांचा हात होता. मान होता, निर्वाहाची सोय होती. असें असतां १९१७ सालीं त्यांनीं मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. ह्या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस जागा होती, तशी न घेतलेल्यांसही होती. ख्रिस्ताचें शिष्यत्व हाच तेवढा नात्याचा धागा. ज्या पाण्यापायीं त्यांचें घरदार दुरावलें, त्या पाण्याचीही अट त्यांनीं आपल्या दरबाराच्या दारांतून काढून टाकली. दोन वर्षांच्या आंतच, ९ मे १९१९ रोजीं, ते निवर्तले.

पंडिता रमाबाईंचें चरित्रही हीच साक्ष देतें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ज्यांच्या आश्रयास त्या होत्या, त्या मठांतील भगिनींची अपेक्षा अशी कीं, ह्या विदुषीनें आतां चर्चचीं सर्व मतें मुकाट्यानें मानावीं. रमाबाईंनीं तें मानलें नाहीं. जें आपल्या बुद्धीस पटलें नाहीं तें कबूल करणार नाहीं, असें त्यांनीं लिहून कळविलें. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असेंही विचारलें. इकडे १८८९ सालीं मुंबईस स्थापन केलेलें व पुढें पुण्यास नेलेलें त्यांचें शारदासदन १८९३ सालीं वादाच्या भोंवऱ्यांत सांपडलें. रानडे आणि भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. म्हणजे पुण्यास त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि वाँटेजला पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहींत! १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराधार विधवा व मुली त्यांनीं केडगांवीं आणल्या. आणि १८९७ सालींच पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेंत स्त्रियांच्या होणाऱ्या हालांविषयीं जाहीर पत्र लिहून सरकारचीही गैरमर्जी ओढवून घेतली. ख्रिस्ती होणें म्हणजे राज्यकर्त्यांच्या पंक्तीस बसणें, असें मानणाऱ्यांस ह्याहून चोख उत्तर कोणतें हवें?

ह्या दोन उदाहरणांवरून आम्ही असें अनुमान काढतों कीं, शिष्यत्वाची किंमत दोनदां द्यावी लागते. पहिली किंमत, ज्यांना आपण सोडतों त्यांस. दुसरी, ज्यांच्यांत आपण जातों त्यांस. पहिलीचा गाजावाजा होतो. तींत एक प्रकारचें शौर्य असतें आणि नव्या मंडळींची शाबासकीही मिळते. दुसरीस कोणी टाळ्या वाजवीत नाहीं, कारण ती टाळ्या वाजविणाऱ्यांच्याच विरुद्ध असते. जर्मनींतील धर्मगुरु बोनहॉफर ह्यानें १९३७ सालीं शिष्यत्वावर ग्रंथ लिहिला, तेव्हां त्याचा रोख नास्तिकांवर नव्हता. ज्यास कांहींच मोल द्यावें लागत नाहीं अशा ईश्वरी कृपेवर विसंबलेल्या स्वतःच्याच चर्चवर तो होता. त्या चर्चमधील कितीएक हिटलरच्या जयजयकारांत सामील झाले होते. बोनहॉफर ९ एप्रिल १९४५ रोजीं फांशीं गेला. गुरूची आज्ञा आणि आपल्या मंडळींची मर्जी ह्यांत फरक पडेल, त्या दिवशीं शिष्य कोण आणि सभासद कोण, हें कळून येतें.

येथें एक बळकट आक्षेप निघतो, आणि तो टाळणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. किंमत दोनदां द्यावी लागते खरी. पण ती देतो कोण? टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं लक्ष्मीबाईंचें वय सत्तावीस वर्षांचें नव्हतें. पदरीं लहान मूल. नवरा जिवंत असतां संसार मोडला, पंढरपुरास आप्तांच्या आश्रयानें दिवस काढावे लागले. ख्रिस्ताची हांक टिळकांना आली होती. ती लक्ष्मीबाईंना कोणी ऐकविली नव्हती, आणि हिशेब मात्र त्यांच्या नांवें पडला. बुरूज बांधणाऱ्यानें स्वतःच्या पैशाचा हिशेब करावा हें ठीक. बायकोच्या आयुष्याचा खर्च मांडण्याचा हक्क त्यास कोणी दिला? संतांच्या चरित्रांतही हें दुःख आहे. आवलीच्या कटकटीस आपण हंसत आलों; तिच्या रिकाम्या चुलीकडे पाहिलें नाहीं.

ह्या आक्षेपास संपूर्ण उत्तर आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, तेव्हां लक्ष्मीबाईंनींच त्यांत एक वाट दाखविली आहे. टिळकांनीं त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाहीं. पुन्हा एकत्र आल्यावरही कांहीं काळ त्यांनीं आपलें सोवळें सांभाळलें. मग एकदां विचार करतां करतां त्यांच्या मनानें घेतलें कीं, जात ही देवानें केलेली नसून माणसानें केलेली आहे. आणि त्यांनीं कोणाच्याही हातचें पाणी घ्यावयाचें ठरविलें. बाप्तिस्मा घेतला तो १९०० सालीं, पतीच्या पांच वर्षांनंतर. त्या टिळकांच्या मागोमाग गेल्या नाहींत. स्वतःच्या पायांनीं चालत आल्या. पुढें टिळकांनीं अपुरें ठेवलेलें 'ख्रिस्तायन' त्यांनींच तडीस नेलें. ह्यावरून शिष्यत्वाची मर्यादा स्पष्ट होते. शिष्यानें स्वतःचें सर्वस्व द्यावें; दुसऱ्याची संमति मात्र देऊं नये. दुसऱ्याची वाट पाहणें, हेंही त्याच्या व्रताचें एक कलम आहे. आणि उतावळ्या स्वभावाच्या माणसास तें दारिद्र्याहून जड जातें.

हीं माणसें मोठीं होतीं, आपलें काय, असें म्हणून सुटतां येणार नाहीं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हें आपणांस आठवतें; परंतु त्याच्या कितीतरी आधीं हरित वसईच्या चळवळींत उभें राहून त्यांनीं धनदांडग्यांचा रोष पत्करला होता. २०२४ सालीं ते वारले. त्यांच्या प्रार्थनेचा संबंध विहिरीच्या पाण्याशीं आणि वाडीच्या जमिनीशीं येऊन पोंचला, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. डोंबिवलीसारख्या नोकरदारांच्या गांवांत कोणी सिंहापुढें टाकला जात नाहीं. येथें परीक्षा येते ती सदनिका विकतांना किंमतीचा कांहीं भाग कागदावर येऊं नये असें दलाल सुचवितो तेव्हां. भाडेकरूचें आडनांव ऐकून दार लोटून घ्यावेंसें वाटतें तेव्हां. मुलीनें जातीबाहेरचा वर निवडला म्हणजे आपल्याच घरांत. रविवारीं देवळांत जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबास ह्या परीक्षा चुकत नाहींत, आणि गणपतीच्या आरतीस उभ्या राहणाऱ्या कुटुंबासही चुकत नाहींत.

अशा वेळीं अमक्याचा धर्म कोणता, हें विचारण्यांत विशेष हंशील नाहीं. विचारावयाचें तें हें कीं, त्याच्या गुरूनें त्यास आजवर एखाद्या फायद्याच्या गोष्टीस नाहीं म्हणावयास लावलें काय, आणि त्यानें तें मानलें काय. ज्या गुरूनें आपलें कधींच कांहीं अडविलें नाहीं, त्याची आपण पूजा करीत असूं. त्याचे शिष्य मात्र आपण नव्हों.