विस्मृत प्रवासाचे मोल

कॅनडातून अलास्काकडे जाणारा, १९४२ साली लष्करासाठी काढलेला अलास्का महामार्ग आज सुमारे २,२०० किलोमीटर लांब आहे. त्या अरण्यमार्गाने कित्येक आईबाप लहान मुलांस घेऊन मोटारीने जातात. तीन वर्षांच्या मुलास पुढे यातील काहीएक आठवणार नाही. मग हा खटाटोप कोणासाठी, असे सुज्ञ जन विचारतात. परंतु स्मरण हेच अनुभवाचे मोल मानल्यास आईने भरविलेला पहिला घासही व्यर्थच ठरेल! लियार्ड नदीच्या परिसरात रानटी बायसनांचा कळप रस्त्यावर आला असता मुलास जो विस्मय वाटतो, तो त्या क्षणीच पूर्ण असतो. बाल्य ही आयुष्याची नुसती पूर्वतयारी नव्हे. तेही आयुष्यच होय. मात्र विसरला जाणारा आनंद जसा खरा, तसे विसरले जाणारे क्लेशही खरेच. म्हणून दिवसाचा पल्ला बापाच्या हौसेने नव्हे, तर मुलाच्या सोसण्याने ठरावा.