नोकरी बदलली, पण शब्दाचं काय?



मागच्या गुरुवारी नारायणगुड्यात सत्संग झाला. आरती झाली, प्रसाद वाटून झाला. चपला घालता घालता एका ताईंनी विचारलं, "मुलानं दोन वर्षांत तिसरी नोकरी धरली. पगार वाढतोय, पण मन कुठं टिकत नाही. हा चंचलपणा नाही का? तुम्ही त्याच लायनीत आहात, तुम्हीच सांगा."

आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. आम्ही स्वतः बावीस वर्षांत सहा नोकऱ्या केल्या. त्यांतल्या एका वेळी जे वागलो, ते आजवर घरातसुद्धा नीट सांगितलं नव्हतं. ताईंना उत्तर द्यायचं तर ते सांगितल्याशिवाय देता येणार नाही, म्हणून आज या पानावर लिहितो आहोत.

आधी घरची गोष्ट. आमच्या बाबांनी एकाच कचेरीत चौतीस वर्षं काढली. एकच खुर्ची नव्हती, पण इमारत एकच. आम्ही नोकरी बदलली की बाबा एवढंच म्हणायचे, "आता कुठं?" त्या दोन शब्दांत सगळं यायचं. त्यांच्या पिढीला टिकून राहणं म्हणजे निष्ठा, आणि सोडणं म्हणजे कुठंतरी कमी पडणं.

पण आमच्या कामाची रीतच निराळी. २००३ साली अमीरपेटला मैत्रीवनमजवळच्या एका क्लासमध्ये आम्ही फ्लॅश शिकलो. ज्यांना अमीरपेट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथं गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास, भिंतीभर पत्रकं, आणि गावोगावहून आलेली मुलं एका खोलीत चार-चार राहून शिकतात. तेव्हा फ्लॅशला फार मान होता. वेबसाइटवर काही हलताना दिसलं की बहुतेक वेळा ते फ्लॅशच असायचं. आम्हाला वाटलं, जन्माची भाकरी झाली. पुढं स्मार्टफोन आले, आयफोननं तर फ्लॅश घेतलंच नाही, आणि ३१ डिसेंबर २०२० ला ज्या कंपनीचं ते होतं तिनंच ते बंद केलं. शिकलेली विद्या डोळ्यांदेखत मोडीत निघाली. उलट १९५९ साली जन्मलेली कोबोल भाषा बँकांच्या मोठ्या मशिनांवर आजही राबते आहे. कुठली विद्या टिकेल आणि कुठली जाईल, हे ज्याचं त्यालाही आधी कळत नाही. मग बदलायचं नाही तर करायचं काय?

आपल्या हैदराबादेतच याचं एक थोर उदाहरण होऊन गेलं. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. जन्म १८६७, सावंतवाडीजवळच्या कोलगावचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. १९०० च्या सुमारास ते हैदराबादला आले आणि इथं त्यांनी चित्रकलेवर आपला चरितार्थ चालवला. इथल्या मराठी मंडळींत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्याबरोबर ते सार्वजनिक कामात रमले. विवेकवर्धिनी शाळा त्याच काळातली, १९०७ ची. पुढं हैदराबाद सोडावं लागलं. हरिद्वारजवळचं गुरुकुल कांगडी, मग लाहोरला पुन्हा चित्रांचा स्टुडिओ, आणि वय पन्नाशीला आलं तेव्हा साताऱ्याकडचं औंध. तिथं स्वाध्याय मंडळ काढून त्यांनी वेदांच्या अभ्यासाला वाहून घेतलं. स्वातंत्र्यानंतर तेही गाव सुटलं, गुजरातेत पारडीला नव्यानं बस्तान मांडलं. १९६८ साली पद्मभूषण मिळालं, आणि त्याच वर्षी, शंभरी ओलांडून, ते गेले.

आता यांना चंचल कोण म्हणेल? गावं बदलली, धंदा बदलला, पण आतला धागा एकच राहिला. रोज आमची मेट्रो नारायणगुड्याहून निघते, परेड ग्राउंडला उतरून दुसरी धरावी लागते, तेव्हा कुठं रायदुर्ग येतं. गाडी बदलली म्हणजे वाट चुकली असं होत नाही.

पण बंधूंनो, इथंच आमची पंचाईत आहे. मोठ्या माणसाचं नाव घेऊन आपलं वागणं झाकणं फार सोपं. आमचे सगळेच बदल काही वेदांसाठी नव्हते! दोन पगारासाठी होते, एक साहेबाशी पटेना म्हणून, एक कंपनीनंच घरी पाठवलं म्हणून. आणि एक २०२१ चा.

त्या वर्षी सॉफ्टवेअरवाल्यांना फार मागणी होती. आमच्याकडे नोकरी सोडताना नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. राजीनामा दिलेला माणूस बाजारात तीन महिने फिरतो, आणि हातातलं एक पत्र दाखवून दुसरीकडं जास्त मागतो. आम्ही एका छोट्या कंपनीला होकार दिला. पंधरा-वीस माणसांचा कारभार, मालक तेलुगू गृहस्थ, वयानं आमच्यापेक्षा मोठे. त्यांनी कागद पुढं करण्याआधी विचारलं, "नक्की येणार ना?" आम्ही म्हणालो, "नक्की, सर. शब्द देतो."

तिसाव्या दिवशी दुसरीकडून पत्र आलं. पगार जवळजवळ दीडपट. घराचा हप्ता होता, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढं ढकललेलं होतं. आम्ही ते घेतलं. इथपर्यंत कदाचित कुणी दोष देणार नाही. पण पुढचे साठ दिवस आम्ही त्या गृहस्थांना काही कळवलं नाही. न जाणो, दुसरं पत्र फिसकटलं तर? ते मधूनमधून मेसेज करायचे, "ऑल वेल?" आम्ही नमस्काराचं चिन्ह पाठवायचो. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी त्यांचे चार फोन आले. आम्ही फोन उलटा करून ठेवला आणि देवापुढं बसून जप केला.

हे लिहिताना हात थांबतो. त्या दिवशीचा जप कुठल्या खात्यात जमा झाला असेल?

तेव्हा मनाची समजूत घालायला एक वाक्य तयार होतं, आणि ते आजही आमच्या लायनीत सगळ्यांच्या तोंडी आहे: कंपनी तरी आपल्याला सांभाळते का? तीही एका मेलवर घरी पाठवते. हे खोटं नाही. ऑफर देऊन मुलांना महिनोन् महिने ताटकळत ठेवलेलं आम्ही पाहिलं आहे. पण एकाचा हिशेब दुसऱ्याकडून कसा वसूल करणार? ज्यानं आम्हाला घरी पाठवलं तो हा माणूस नव्हता. शिवाय शब्द आम्ही कंपनीला नाही, एका माणसाच्या डोळ्यांत बघून दिला होता.

मग शब्द कधीच मोडू नये का? आम्हाला तसं म्हणवत नाही. आईचं दुखणं हेही कर्तव्यच. दोन कर्तव्यं आमनेसामने आली की एकाला दुखवावं लागतं, संसारी माणसाला ते चुकत नाही. पण तिसाव्या दिवशी फोन करून "सर, मला जमणार नाही, माफ करा" एवढं म्हणायला काय लागलं असतं? त्यांच्या हातात साठ दिवस राहिले असते. *दोष बदलण्यात नव्हता, दोष लपवण्यात होता.* धोका आमचा, पण त्याची किंमत आम्ही त्यांच्याकडून गुपचूप वसूल केली. आम्ही तर म्हणू, ही एक प्रकारची चोरीच.

दीड वर्षानं आम्ही स्वतः माणसं निवडायच्या खुर्चीत बसलो. एका मुलानं अगदी हेच केलं. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद. आम्ही घरी येऊन तावातावानं बोलत होतो. ही भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमचा फोन उलटा होता, त्याचा बंद आहे." म्हणजे तिला तेव्हाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांना फोन लावला. त्यांनी ओळखलं. आम्ही सगळं सांगून माफी मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सांगितलंत, बरं झालं. माझं काम नंतर झालं. पण तुमच्यासाठी मी एका मुलाला नाही म्हटलं होतं. त्याला फार गरज होती."

त्या मुलाचं नावही आम्हाला माहीत नाही. त्याची माफी कुठं मागणार?

हे सगळं एकदा बाबांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, "म्हणून सांगत होतो, एका जागी राहा." पण बाबा म्हणाले, "मलाही एकदा सोडायची होती. ओळखीच्या एकाचा छापखाना होता, भागीत बोलावत होता. तुझ्या दोन आत्यांची लग्नं व्हायची होती. अर्धं कर्तव्य म्हणून राहिलो, अर्धं भीती म्हणून. तुम्ही लोक सगळ्यालाच निष्ठा म्हणता." राहणारा तेवढा निष्ठावान आणि जाणारा तेवढा लोभी, ही आमची मापं त्या दिवशी मोडली.

तेव्हा ताई, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुलानं किती नोकऱ्या बदलल्या ते मोजू नका. त्याला जवळ बसवून एवढं विचारा: सोडताना तुझ्या भरवशावर कोण होतं? त्याला वेळेत सांगितलंस का? आणि उद्या रस्त्यात ते भेटले तर तू तोंड चुकवशील का? याची उत्तरं नीट आली तर चौथी नोकरी धरली तरी काळजी नको. आली नाहीत, तर एकाच जागी तीस वर्षं राहिला तरी काळजीच आहे.

आता मशिनच कोड लिहू लागलं आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी आम्हाला पुन्हा काहीतरी नवं शिकावं लागेल, कदाचित सातवी नोकरीही शोधावी लागेल. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण नाम हे नोकरी मिळवायचं साधन नाही, हे एवढ्या वर्षांच्या सत्संगात कळलं. फोन वाजला की तो उलटा न ठेवता उचलण्याचं बळ तेवढं त्यातून मिळावं, हीच सद्गुरूंच्या चरणी प्रार्थना.

आपल्याही घरात असा एखादा राहून गेलेला फोन असेल, तर येत्या गुरुवारच्या आत लावून टाकू या.

🙏 जय सद्गुरू 🙏