शुश्रूषेचा हिशेब

फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल हा 1608 साली रोगजर्जर अवस्थेत जुन्या गोव्यास पोहोचला, तेव्हा जेझुइटांच्या व्यवस्थेखालील राजेशाही इस्पितळात त्याची जी शुश्रूषा झाली, तीत वैद्यांच्या नियमित फेऱ्या, स्वच्छ बिछाने आणि चिनी मातीच्या पात्रांतून मिळणारे पथ्याचे अन्न यांचा त्याच्या मनावर एवढा प्रभाव पडला की, याहून सरस इस्पितळ जगात नसावे, असे त्याने लिहून ठेवले. पुढे त्याच शतकाच्या मध्यास तावेर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासी गोव्यास आला, आणि या इस्पितळाचा पूर्वीचा लौकिक मान्य करूनही, कारभारी बदलल्यापासून तेथे रुग्णांची आबाळ होते व आत गेलेल्यांपैकी पुष्कळांची वाट थडग्याकडेच जाते, अशी त्याने नोंद केली. संस्था तीच, शहर तेच, आश्रयदाता राजमुकुटही तोच. फरक पडला तो कारभाऱ्यांत. परावलंबी माणसाचे क्षेमकुशल वास्तूच्या वैभवावर किंवा दात्याच्या औदार्यावर फार काळ टिकत नाही, ते कोणी तरी वेळोवेळी येऊन हिशेब मागण्यावर टिकते, हे माझे या लेखातील म्हणणे आहे.

ते आज मांडावेसे वाटते ते पेडणे आणि डिचोली या दोन महालांकडे पाहून. 2011 च्या शिरगणतीत देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण शेकडा 8.6 होते, तेव्हा गोव्यात ते 11.2 होते. डिचोली 1781 साली आणि पेडणे 1788 साली पोर्तुगीज अमलाखाली गेले. म्हणून हा सारा मुलूख नव्या काबिजादींचा. येथली कर्ती माणसे मुंबईस जाण्याची रीत जुनी आहे, मागाहून आखाती देशांची वाट रुळली, आणि 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोलीतील ज्या घरांचा संसार बार्जी-ट्रकांवर चालला होता त्यांतील तरुणांसही नोकरीसाठी गाव सोडणे भाग पडले. मोप्यास विमाने उतरू लागली. पण त्या विमानांनी येणारा मुलगा आठ दिवसांची रजा घेऊन येतो, आणि अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या आईला तर दर दोन तासांनी कूस बदलून देणारे माणूस हवे असते. अशा वेळी तिला शुश्रूषागृहात ठेवणाऱ्या मुलाला गावाने दोष देऊ नये. त्याने तिला कोणाच्या हाती दिले, हे मात्र गावाने अवश्य विचारावे.

आपण सहसा विचारतो ते निराळेच. महिन्याचा आकार किती, खोली हवेशीर आहे ना, जेवणात मासळी असते का, चतुर्थीला घरी नेता येईल का. हे प्रश्न व्यर्थ नाहीत. परंतु म्हाताऱ्या माणसाचा घात बहुधा रात्री होतो. दहा वाजता दिवे मालवल्यानंतर किती खाटांमागे किती माणसे जागी असतात? लघवीला उठलेली आजी ओल्या फरशीवर घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले, तर ते पहाटेपूर्वी कोणाला कळते, आणि आषाढाच्या पावसात तिला म्हापशाच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात कोण पोहोचवतो? पाणी वारंवार प्यायला दिले तर वारंवार कपडे बदलावे लागतात, म्हणून पाणीच कमी दिले जाते, असे तर होत नाही ना? सेविका दूरच्या प्रांतातून आलेली असेल आणि तिला कोंकणी-मराठी उमगत नसेल, तर ‘पोटात दुखता’ हे आजीचे गाऱ्हाणे डॉक्टरांपर्यंत जाते कसे? सर्वांत गंभीर प्रश्न झोपेच्या गोळीचा आहे. कारण बडबडणाऱ्या, भटकणाऱ्या, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला गुंगीत ठेवणे हे अपुऱ्या मनुष्यबळावरचे सर्वांत स्वस्त औषध आहे, आणि भेटीस आलेल्या नातलगाला ती गुंगी शांती भासते.

शय्याव्रण, म्हणजे एका कुशीवर पडून राहिल्याने पाठीला आणि माकडहाडाला पडणारी जखम, ही बहुतांशी रोगाची नव्हे, शुश्रूषेतील उणिवेची खूण आहे, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्येच बजावले होते. म्हणून मला तर वाटते, शुश्रूषागृहाची पारख करावयाची झाल्यास दर्शनी बाग पाहण्याआधी गेल्या सहा महिन्यांत किती जणांना अशी जखम झाली, याची नोंद मागावी. आणि नोंदच नसेल, तर उत्तर मिळाले असे समजावे.

या मुलखात हिशेब मागण्याची परंपरा नाही असे थोडेच आहे? पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या देवस्थान-कायद्यानुसार मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो, आणि महाजनांनी ठेवलेला जमाखर्च त्याच्या नजरेखालून जातो. समईतल्या तेलाचा हिशेब घेणाऱ्या तालुका कचेरीला जिवंत माणसाच्या पाठीवरील जखमेचा हिशेब घेता येऊ नये, हे मला दुःसह वाटते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निवास उभारण्याची तरतूद केली. पण खासगी गृहांची सक्तीची नोंदणी व किमान दर्जा ठरवू पाहणारे 2019 चे दुरुस्ती विधेयक कायद्यात न उतरताच लोकसभेबरोबर संपुष्टात आले. अमेरिकेत 1987 साली कायद्यानेच, शिस्तीच्या वा सोयीच्या नावाखाली वृद्धाला पट्ट्याने बांधण्यास किंवा औषधाने जखडण्यास मनाई झाली. केवळ कायद्याने तिथली सगळी आबाळ संपली असे मी म्हणणार नाही. पण निदान तपासनिसाला दार ठोठावण्याचा अधिकार मिळाला.

दिल्लीच्या विधेयकाची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. पेडणे आणि डिचोली येथे मामलेदार, सरकारी आरोग्य केंद्राचा डॉक्टर, एक अनुभवी परिचारिका आणि राहणाऱ्यांच्या नातलगांतील एक जण अशा चौघांची समिती नेमावी. तिने आगाऊ वर्दी न देता, आणि वर्षातून निदान एकदा मध्यरात्रीनंतर, प्रत्येक गृहात जावे. पडल्याच्या, जखमांच्या व गुंगीच्या औषधांच्या नोंदी तपासाव्यात, बोलू शकणाऱ्या प्रत्येक वृद्धाशी चालकाच्या गैरहजेरीत त्याच्या भाषेत बोलावे, आणि आपला अहवाल पंचायतीच्या फलकावर लावावा. तक्रार करणाऱ्या वृद्धाची जागा त्या कारणाने जाणार नाही, ही लेखी हमीही समितीने चालकाकडून पहिल्याच भेटीत घ्यावी; कारण जिला परत जाण्यास दुसरे घर नाही, ती बाई त्याशिवाय तोंड उघडणार नाही.